नमुन्यातला पोचा

चाचा, तुमच्या बाटलीचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी पाठवला आणि खाली विचारलं, 'ही कोणत्या कारखान्याची असेल? तुमच्या नंदुरबारकडच्या भंगारात मिळाली आहे.' मी सकाळचा चहा पीत होतो. फोटो मोठा करून पाहिला आणि चहा तसाच राहिला. बोटभर लांबीची पितळेची बाटली, वर फिरकीचं गोल झाकण, गळ्याखाली इंग्रजी अक्षरं, आणि अक्षरांच्या उजव्या अंगाला नखाएवढा एक अर्धा चंद्र. त्या चंद्राभोवती पुण्याच्या गृहस्थांनी लाल गोल काढला होता, डॉक्टर एक्स-रेवर काढतात तसा. चंद्र पाहिला आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही ओरडत होता, अर्थात. तुम्ही शांतपणे बोललेलं मला फारसं आठवतच नाही.

तुम्ही गेल्यानंतर मी काय उद्योग करतो ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. माझी लेथ आता मुलगा बघतो. मी जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या सोबतच्या चिल्लर वस्तू कोणी बनवल्या ते ओळखतो. हसू नका. रायफलच्या लाकडी दस्त्यात मागून एक भोक असतं, त्यात तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी राहते, तिला फौजेतली माणसं फुलथ्रू म्हणतात. शिवाय खांद्याचा पट्टा, त्याची बक्कल, नळीच्या तोंडावरची टोपी. या वस्तूंवर बनवणाऱ्याचे बारीक शिक्के असतात. देशभरात पन्नाशी-साठीतली काही माणसं हे शिक्के गोळा करत बसलेली आहेत. रायफल त्यांच्यातल्या एकाकडेही नाही, परवाना कुठून आणणार? सगळी हौस बाटलीवर आणि बकलावर. आमचा मोबाइलवर एक गट आहे, त्यात भांडणंसुद्धा होतात. माझी बायको म्हणते, नवरा निवृत्त झाला की एक तर देवळात जातो नाही तर भंगारात, माझा भंगारात गेला.

पण या कामात मला मान आहे, चाचा. फोटो आला की मी शिक्का नंतर बघतो, आधी काम बघतो. बाटली सळईतून कोरली आहे की पाइप कापून तळ झाळला आहे, झाकणाच्या कडेवरच्या रेघा आडव्या आहेत की तिरक्या, आतल्या तारेचा चमचा ठोकून चपटा केलाय की वेगळा जोडलाय, वायसर चामड्याचं आहे की नंतर कोणी रबरी घातलंय. शिक्का खोटा मारता येतो, पण आटे पाडायची सवय लपत नाही. हे सगळं मी तुमच्याकडेच शिकलो. गटातल्या लोकांना वाटतं मी पुस्तकं वाचतो.

पुण्याचे गृहस्थ या सगळ्यांची एक सूची करत आहेत. मोठ्या चिकाटीचा माणूस आहे, त्यात शंका नाही. सूचीचे तीन भाग आहेत: अस्सल, म्हणजे सरकारी कारखान्यांचा माल, ठेकेदार, म्हणजे युद्धाच्या काळात ज्या छोट्या कंपन्यांना काम दिलं गेलं त्यांचा माल, आणि नक्कल. अर्ध्या चंद्राच्या बाटल्या त्यांना आत्तापर्यंत पाच-सहा मिळाल्या होत्या, सगळ्या आपल्या भागातून. त्यावरून त्यांनी एक तर्क बांधला होता. युद्धकाळात खानदेशात रेल्वेच्या आसपास एखादं छोटं वर्कशॉप असावं, अर्धा चंद्र ही त्याची खूण असावी, आणि त्याची कुठेच नोंद उरली नसावी. 'हा आपल्या सूचीतला सगळ्यात मोठा शोध ठरेल,' असं त्यांनी लिहिलं होतं. ठेकेदारांच्या भागात एक पान राखून ठेवलं होतं त्यांनी. फक्त नाव भरायचं बाकी होतं आणि त्यासाठी ते माझ्याकडे आले होते. मला आधी खूप हसू आलं. मग मी मोबाइल उपडा ठेवला आणि त्यांना बरेच दिवस उत्तरच दिलं नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरीटहून सायकलवर आलो होतो. मिशा फुटून जुन्या झाल्या होत्या, घरी लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या आणि शेतीत माझं मन नव्हतं. स्टेशनकडच्या गल्लीतलं तुमचं दुकान म्हणजे एक लेथ, एक वाइस, एक स्टूल आणि बाकी सगळा पितळेचा भुसा. तुम्ही सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि त्यानंच लेथवरचं तेल पुसलं. मग म्हणालात, "आयटीआय करीसन उना का पाटील? मंग आते बठ्ठं इसरी जाय." शिकलेलं सगळं विसर म्हटल्यावर मी रागानं निघून जायला हवं होतं. पण तुम्ही त्याच हातानं स्टूल माझ्याकडे सरकवलं होतं, त्यामुळे काय करावं ते कळेना, म्हणून बसलो. पुढे कैक वर्षं बसलोच होतो.

बाटल्यांचं काम आलं ते एका हवालदारामुळे. फौजेतून निवृत्त झालेला घाटावरचा माणूस, आता एका कॉलेजच्या छात्रसेनेचं सामान सांभाळत होता. पोरांनी शिबिरात बऱ्याच बाटल्या हरवल्या होत्या आणि तपासणीला साहेब येणार होते. त्यानं खिशातून एक बाटली काढून लेथवर ठेवली आणि सांगितलं, "मिस्त्री, नमुन्याबरहुकूम पाहिजे. साहेब डोळ्यांत तेल घालून बघतात." तुम्ही पहिला घाणा अगदी मन लावून केला. पितळ असं चमकवलं की त्यात तोंड दिसावं. हवालदार आला, एक बाटली उचलली, नमुन्याशेजारी धरली आणि खाली ठेवून दिली. "ही फार सुंदर आहे," तो म्हणाला. "मला सुंदर नको, अशी पाहिजे. अक्षरं कुठं आहेत?" तुम्हाला इतका राग आलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो गेल्यावर तुम्ही नमुना वाइसमध्ये धरला, चष्मा पुसला आणि दुपारभर त्याच्याकडे बघत बसलात. संध्याकाळपर्यंत अक्षरं ठोकायचे पोलादी पंच तयार होते. आणि एक पंच जास्तीचा होता, चंद्रकोरीच्या धारेचा.

मी तो पाहिला आणि मला राहवेना. नमुन्यावर अक्षरांशेजारी एक पोचा होता, ती बाटली कधी तरी वाइसच्या नाही तर दगडाच्या कडेवर पडली असणार. मी म्हणालो, "चाचा, हाऊ ते पोचा शे. हाई निशानी नही. बाटली पडनी व्हई कथी तरी." तुम्ही मान वर न करता विचारलंत, "नमुनामा शे ना?" मी म्हटलं, "शे, पन..." "शे ना? मंग ठोक. नमुनाले अक्कल लावानी नही. जसं उनं तसं देवानं." मग आपण दोघं बसून प्रत्येक बाटलीला बेतानं पोचा पाडू लागलो. एकाच जागी, एकाच खोलीचा. तो नीट पाडणं अक्षरांपेक्षा अवघड होतं, कारण जरा जोर जास्त झाला की पातळ पत्रा आत बसे आणि बाटली वाया जाई. हवालदार आला तेव्हा त्यानं बाटल्या घेतल्या, समाधानानं मान हलवली, पोच्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही. मला आजही कळलेलं नाही की तुम्ही तो पोचा खरोखरच खूण समजून पाडलात की त्या हवालदारावरच्या रागानं. मला दोन्ही तितकंच तुमच्यासारखं वाटतं.

त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात होता. मी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायचो, एरवी तुम्ही अर्धी भाकरी हक्कानं काढून घ्यायचे. रोजे सुरू झाले तसा मी डबा घेऊन गल्लीत जाऊन खाऊ लागलो. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला हाक मारून आत बोलावलंत. "आठे बसीसन खाय. रोजा मन्हा शे पाटील, तुन्हा पोटना नही शे." मी खात होतो आणि तुम्ही समोर आटे पाडत होता, घशाला कोरड, कपाळावर घाम, आणि मध्येच विचारत होता की ठेच्यात आज लसूण जास्त पडला का, वास येतोय. मी इतकं अवघडून कधी जेवलो नाही. पण त्या दिवसांत जसं काम झालं तसंही पुन्हा झालं नाही. तुम्ही बोलायचे नाही, फक्त हात दाखवायचे, आणि मी तुमच्या हातांकडे बघत शिकायचो.

तुमची तपासणीची रीत तर मी कुठेच पाहिली नाही, नंतर मोठमोठ्या कारखान्यांत जाऊनही नाही. संध्याकाळी तुमच्या आणि माझ्या बाटल्या एका परातीत एकत्र करायच्या, तुम्ही डोळे मिटायचे आणि एकेक बाटली अंगठ्यानं चाचपून बाजूला काढायचे. जी माझी म्हणून ओळखू आली ती नापास. चांगली असली तरी नापास. मी एकदा वाद घातला की दिसायला चांगली, गळत नाही, मग काय बिघडलं? तुम्ही म्हणालात, "एक दुकान, एक हात. गिऱ्हाईकले दोन मानसे दिसाले नको." सुरुवातीला माझ्या जवळजवळ सगळ्याच बाटल्या बाजूला निघायच्या. पुढे पुढे एखाददुसरीच निघू लागली. आणि एक दिवस तुम्ही सगळी परात चाचपलीत, पुन्हा चाचपलीत, आणि डोळे उघडून नुसते उठलात आणि हात धुवायला गेलात. शाबासकी वगैरे काही नाही. मी सायकल काढत होतो तेव्हा बाहेर येऊन त्यातलीच एक बाटली तेल भरून माझ्या हातात ठेवलीत. "सायकलनी चैनले व्हई," एवढंच. ती बाटली मी सायकलला वापरून वापरून कुठे हरवली, देव जाणे.

याच आनंदात मी तुम्हाला म्हणालो होतो की चाचा, गळ्याच्या आतल्या बाजूला आपलीपण एखादी खूण टाकू, कोणाला दिसणार नाही. तुम्ही पंच खाली ठेवलात. "कसाले?" "आपलं काम शे म्हनीसन." "आनी बाटली गळनी मंग? लोके दारवर येतीन शिव्या देवाले." मी हसलो, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही समजावल्यासारखं म्हणालात की ज्याची बाटली हरवली त्याला बाटली परत मिळाली, त्यात मध्ये आपलं काय काम? तेव्हा मला ते पटलं नाही. आता साठी उलटल्यावरही पटलेलं नाही, हे तुम्हाला आज स्पष्टच सांगतो. माणसाचं आयुष्य त्या भुशात गेलं आणि त्याचं काही काम नाही म्हणता?

म्हणून त्या पुण्याच्या फोटोनं माझी झोप उडवली. गप्प बसलो तर तुमचं काम एका कधीच नसलेल्या वर्कशॉपच्या नावावर जाणार आणि लोक शंभर वर्षं त्या वर्कशॉपचं कौतुक करत राहणार. बोललो तर तुमचं नाव येईल खरं, पण ते कुठल्या पानावर येईल ते मला दिसत होतं. शेवटी एका दुपारी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पोचा, हवालदार, पंच, सगळं. मग ते हिरमुसून म्हणाले, "म्हणजे ही नक्कल झाली."

"नक्कल नाही हो, बदली. हरवलेल्याच्या जागी दिलेली."

"बदली असा भाग नाही आपल्या सूचीत."

"मग करा."

"असं एका माणसासाठी कसं करता येईल? दुसऱ्याचा शिक्का मारलेला आहे. उद्या कोणी तरी ती अस्सल समजून विकत घेईल. तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत?"

त्यांचं चुकत नव्हतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. दुसऱ्या कोणाची बाटली असती तर मीही तेच म्हणालो असतो, आजवर अशा कितीतरी बाटल्या मीच नकलेच्या पानावर धाडल्या आहेत. माणूस भला आहे. त्यांनी एवढं कबूल केलं की नकलेच्या भागात का होईना, बनवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव घालतील, आणि पोच्याची हकिकत चार ओळींत देतील. नको असेल तर 'कारागीर अज्ञात' लिहितील. ठरवून कळवा, म्हणाले. मी ठरवणारा कोण? म्हणून सुरतेकडची पॅसेंजर धरून खांडबाऱ्याला गेलो, तुमच्या मुलीकडे.

आपा आता आजी झाली आहे, चाचा. स्टेशनपासून जवळच राहते आणि अजून शिवणकाम करते. बाजाराचा दिवस होता, ब्लाउज न्यायला आलेल्या बायका ओट्यावर बसलेल्या. मला पाहून म्हणाली, "या भाऊ, आज कशी वाट भुलनात?" चहा झाला आणि मी मोबाइलवर फोटो दाखवून सगळं सांगितलं. नकलेच्या पानाचंही सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. "नक्कल म्हंजे? अब्बानं कोनले फसाडं व्हतं का?"

"कोनलेच नही, आपा. हवालदारनंच तसं सांगेल व्हतं."

"मंग नक्कल कशी?"

मी म्हणालो की त्या लोकांच्या हिशेबानं ती नक्कलच. तिनं दोरा दातानं तोडला. तुम्ही रागावल्यावर कपाळाला जशी आठी पडायची, तशीच तिच्या कपाळाला पडते. मला वाटलं आता नाही म्हणणार, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणाली असती तर मी सुटलो असतो. पण ती म्हणाली, "त्यास्ना हिशोब त्यास्ना जोडे ऱ्हाऊ द्या. आमना घरमा अब्बाना एक फोटोबी नही शे. लावा नाव." मग मशीनचं चाक फिरवता फिरवता पुन्हा थांबली. "पन एक सांगा भाऊ. ती बाटली अब्बाना हातनीच शे ना? दुसराना कामवर अब्बानं नाव नको. त्यास्ले ते चालनं नसतं."

"अब्बाना हातनीच शे," मी म्हणालो. लगेच म्हणालो, जराही न अडखळता.

सूची आता गटावर आली आहे. अस्सलमध्ये आणि ठेकेदारांमध्ये सगळी कंपन्यांची नावं आहेत, नाही तर नुसती इंग्रजी आद्याक्षरं. कोणी पितळ कापलं, कोणी तळ झाळला, काही नाही. अख्ख्या सूचीत हाडामांसाच्या माणसाचं म्हणावं असं नाव एकच आहे, तुमचं, तुमच्या वडिलांच्या नावासकट, खाली नंदुरबार, आणि वर ठळक अक्षरांत नक्कल. गटात कोणी तरी अंगठा दाखवला, कोणी तरी लिहिलं, 'सावध राहा मित्रांनो.' मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. बायकोला दाखवलं तर तिनं चष्मा लावून तुमचं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, छापलंय छान. आपाला मी पानाची प्रत काढून पोस्टानं धाडली. तिनं ती मशीनच्या वरच्या भिंतीला चिकटवली आहे असं तिच्या नातवानं फोनवर सांगितलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून एक गोष्ट लिहून टाकायला हरकत नाही. आपाला सांगण्याआधी माझा तो फोटो भिंगाखाली बघून झाला होता. नंतर पुण्याहून ती बाटलीच मागवून घेतली, ती आता माझ्यापुढे टेबलावर आहे. झाकण काढून आटे पाहिले, तळाची झाळ पाहिली, पोच्याची खोली मोजली. पन्नास कारखान्यांचा माल मी नुसत्या नजरेनं सांगतो, चाचा. ही बाटली तुम्ही केलीत की मी, ते मला सांगता येत नाही.